ओठ, आवाज आणि अडकित्ता

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. उशिराचं एक कारण आळस आणि दुसरं कारण हा लेख. अर्धा लिहून तो कित्येक महिने पडून होता. यात घरातली एक गोष्ट आहे आणि इथे घरचेच लोक जास्त डोकावतात, म्हणून सांगलीच्या काकांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं होतं. परवा फोनवर त्यांनी परवानगी दिली. "लिही की. माझं आता काय जातंय?" असं म्हणाले.

तर, मे १९९४. धाकट्या चुलतभावाची मुंज, सांगलीला काकांच्या घरी. खांद्यावर कॅमेरा घेतलेला व्हिडिओवाला आणि त्याच्यामागे हॅलोजनचा दिवा धरून घाम पुसणारा पोरगा, हे दृश्य तेव्हाच्या प्रत्येक कार्यात असायचं. महिन्याभराने 'मिक्सिंग' होऊन व्हीएचएस कॅसेट आली. बटू बदामातून बाहेर येतोय, मातृभोजन गोल गोल फिरत लांब जातंय, आणि या सगळ्याच्या मागे मंत्रांऐवजी हिंदी गाणी! दोन तास तेच. पण शेवटी कॅसेट उरली म्हणून त्या भल्या माणसाने संध्याकाळचं वीसेक मिनिटांचं चित्रण आहे तसं, मूळ आवाजासकट ठेवून दिलं होतं.

त्या वीस मिनिटांत माझी आजी आहे. सोप्यात भिंतीला टेकून बसलीय, हातात अडकित्ता, समोर पानाचं तबक. सुपारी कातरता कातरता ती १९७२ च्या दुष्काळाचं सांगतेय. आमचं गाव आटपाडीकडचं. खडी फोडायला गेलेली माणसं, ती तांबडी मिलो ज्वारी, सुकडी. सांगता सांगता ती मान वर करते आणि कुणाला तरी म्हणते, "त्या साली तुझ्यामुळं चूल पेटली."

आजी १९९७ साली गेली. तिचा आवाज आमच्याकडे एवढाच आहे.

'तुझ्यामुळं' म्हणजे कुणामुळं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. काकांमुळं. दुष्काळाच्या वर्षी काका मुंबईत गिरणीत होते आणि दर महिन्याला त्यांची मनिऑर्डर यायची. शिवाय व्हिडिओत दिसायचंच की, वाक्य ऐकू येतं तेव्हा आजी काकांकडे वळून हात पुढे करतेय. आम्हा भावंडांना जमलं की ते वाक्य कुणीतरी म्हणायचंच. काका हसायचे आणि विषय बदलायचे. आम्ही म्हणायचो, बघा, काय विनम्र माणूस!

आता या व्हिडिओची वंशावळ सांगतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे. २००४ साली एका दुकानातून त्या कॅसेटच्या दोन व्हीसीडी करून घेतल्या आणि सगळ्या नातेवाइकांना एकेक जोडी दिली. २००५ च्या पुरात काकांच्या घरात पाणी शिरलं, त्यात मूळ कॅसेट गेली. २००७ साली ताईने तिच्याकडच्या व्हीसीडीची अमेरिकेत डीव्हीडी करून घेतली, कारण तिकडच्या टीव्हीवर आपली डिस्क नीट चालेना. दरवेळी पिढी बदलली आणि दरवेळी काहीतरी हललं. ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. पहिले दोन तास नुसती गाणीच असल्याने तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. आजीच्या भागात आलं, पण आपण पडलो हिंदी सिनेमा बघणारे. ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. "डब केल्यासारखं वाटतंय" म्हणून हसलो आणि सोडून दिलं.

मी मात्र २००८ साली ते दुरुस्त करायला बसलो. हरलो. पुन्हा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बसलो. त्यातून जे शिकलो ते आज लिहायचंय. थोडं तांत्रिक आहे, पण कंटाळा येणार नाही असं बघतो.

*

आधी एक साधी गोष्ट. चित्र आणि आवाज निसर्गातही बरोबर पोचत नाहीत. लहानपणी कृष्णेच्या घाटावर बसून पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका बघायचो. पिळा दगडावर आपटलेला दिसायचा आणि 'धप्प' नंतर ऐकू यायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवरचा 'धप्प' पाव सेकंदाहून थोडा जास्त उशिरा येतो. त्यामुळे आवाज मागे राहिला तर आपला मेंदू बराच वेळ चालवून घेतो. पण आवाज आधी आणि दगडावर कपडा नंतर, असं निसर्गात कधीच होत नाही. म्हणून ते लगेच खटकतं. टीव्हीच्या प्रसारणासाठी याची मोजदाद झालेली आहे. आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाच्या लक्षात येतं, मागे पडला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत येत नाही.

दुसरी गोष्ट, यंत्रात चित्र आणि आवाज कधी एकत्र जन्मलेलेच नाहीत. चित्र कॅमेरा घेतो, आवाज माइक घेतो. ती दोन वेगवेगळी भावंडं आहेत आणि त्यांना बांधणाऱ्या गाठी दोनच. सुरुवात कुठून करायची आणि किती वेगाने चालायचं. बस्स. पहिली गाठ चुकली तर फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच राहतो. दुसरी चुकली तर सुरुवात छान होते आणि फरक हळूहळू वाढत जातो. आणि मधेच एखादं भावंड ठेचकाळलं, तर तिथून पुढे एकदम उडी मारल्यासारखा फरक पडतो. आजार एवढे तीनच, आणि तिन्ही शंभर वर्षं जुने आहेत.

*

योगायोग बघा. माझी ताई राहते न्यू जर्सीतल्या एडिसन या गावात. आपली माणसं तिथे इतकी आहेत की भाजी घेतानाही मराठी कानावर पडतं. गावाला हे नाव १९५४ साली मिळालं, थॉमस एडिसनवरून. १८७७ साली त्याने फोनोग्राफ बनवला तो मेन्लो पार्क भाग याच गावात येतो. २०१५ साली मी ताईकडे गेलो होतो तेव्हा तासाभराच्या अंतरावरच्या वेस्ट ऑरेंजला एडिसनची नंतरची प्रयोगशाळा बघितली. तिथे 'ब्लॅक मरिया' या त्याच्या चित्रीकरणाच्या स्टुडिओची प्रतिकृती आहे. काळा डांबरी कागद लावलेली खोली, उघडणारं छप्पर, आणि सूर्याच्या मागे फिरवता यावी म्हणून सगळी खोलीच चाकांवर.

मूळ ब्लॅक मरियात १८९४-९५ च्या सुमारास एडिसनचा सहकारी डिक्सन याने एक प्रयोग केला. भल्या मोठ्या कर्ण्यासमोर तो स्वतः व्हायोलिन वाजवतोय आणि बाजूला दोन पुरुष एकमेकांना धरून नाचतायत. चित्र फिल्मवर, आवाज मेणाच्या सिलिंडरवर. फिल्म राहिली एकीकडे, सिलिंडर दुसरीकडे, तेही फुटलेलं. शंभर वर्षं ती मुकी फिल्म लोक बघत होते. १९९८ साली ते सिलिंडर जोडून त्याचा आवाज उतरवला, तर तो निघाला दोनेक मिनिटांचा. आणि फिल्म फक्त सतरा सेकंदांची! या दोन मिनिटांतली ती सतरा सेकंदं कुठली? शिवाय फिल्मचा वेग सेकंदाला सुमारे ४० फ्रेम, आजच्या कुठल्याच मापात न बसणारा. शेवटी २००० च्या सुमाराला हॉलिवूडचा नामवंत संकलक वॉल्टर मर्च याने संगणकावर व्हायोलिनचा गज आणि सूर जुळवून दोन्ही एकत्र आणले. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी बनवलेली डिस्क, आपलं, सिलिंडर सिंक व्हायला शंभरहून जास्त वर्षं लागली. हे कळल्यावर माझी बारा वर्षं मला अगदी किरकोळ वाटायला लागली.

एडिसनने १९१३ साली पुन्हा प्रयत्न केला. फोनोग्राफ पडद्यापाशी, प्रोजेक्टर थिएटरच्या मागच्या टोकाला, आणि दोघांना जोडणारी लांबलचक दोरी कप्प्यांवरून नेलेली. दोरी जरा सैल पडली की नटाचं तोंड मिटल्यावर आवाज यायचा आणि लोक हसायचे. ते फार टिकलं नाही.

मग आलं वॉर्नर ब्रदर्सचं व्हिटाफोन. ६ ऑगस्ट १९२६ ला 'डॉन हुआन' आणि ६ ऑक्टोबर १९२७ ला 'द जॅझ सिंगर', दोन्ही न्यूयॉर्कमध्ये. आवाज होता सोळा इंची तबकडीवर. मिनिटाला ३३⅓ फेरे, आणि सुई आतून बाहेर जायची. तबकडीवर एक बाण, फिल्मवर सुरुवातीची एक खूण. ऑपरेटरने सुई बाणावर ठेवायची, खुणेची फ्रेम खिडकीत आणायची आणि एकाच मोटरने दोन्ही चालू करायचं. माझ्या दोन गाठी इथे स्पष्ट दिसतात. बाण म्हणजे सुरुवात, मोटर म्हणजे वेग. मुक्या सिनेमाचा वेग ऑपरेटरच्या मर्जीवर असायचा. आवाज आल्यावर तसं चालेना, आणि सेकंदाला २४ फ्रेम हा आकडा कायमचा ठरला तो यामुळेच.

पण फिल्म तुटली की? तुटायचीच. चिकटवताना पाच-दहा फ्रेम जायच्या आणि तबकडीतून मात्र काहीच जायचं नाही. मग पुढे सगळं चित्र आवाजाच्या पुढे पळायचं. उपाय एकच, जेवढ्या फ्रेम गेल्या तेवढ्याच मोजून काळ्या फ्रेम जोडायच्या. दिसायला कसंतरी दिसेल, पण हिशोब चुकणार नाही. हा उपाय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा वैताग इतका झाला की चारेक वर्षांत तबकडी गेली आणि आवाज फिल्मच्याच कडेला प्रकाशाच्या पट्टीने छापायला लागले. आपल्याकडे बोलपट आला तोच या पद्धतीने. अर्देशिर इराणींचा 'आलम आरा', १४ मार्च १९३१, मुंबईचं मॅजेस्टिक थिएटर. त्यात चित्र आणि आवाज एकाच वेळी एकाच फिल्मवर घेतले जायचे. पुढच्या वर्षी, १९३२ साली, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, मराठीतला पहिला बोलपट, शांतारामबापूंचा. 'आलम आरा'ची आज एकही प्रत उरलेली नाही. चित्रही नाही, आवाजही नाही. जुळवायला काही उरणं हेसुद्धा नशीबच म्हणायचं.

आणि एकाच फिल्मवर असले तरी चित्र-आवाज शेजारी नसतातच बरं का. प्रोजेक्टरमध्ये चित्राची खिडकी एकीकडे आणि आवाज वाचणारा दिवा थोडा खाली, म्हणून आवाज चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापतात. संसार एका घरात, पण खोल्या वेगळ्या!

*

आता टीव्हीकडे. इथे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे.

अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथला टीव्ही सेकंदाला ३० फ्रेमचा. आपल्याकडे आणि युरोपात वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५. इथवर सरळ आहे. १९५३ साली अमेरिकेत रंगीत टीव्ही ठरवताना असं दिसलं की रंगाची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींत मिसळून पडद्यावर ठिपक्यांची जाळी उमटेल. आवाजाची लहर हलवावी तर लोकांच्या घरातले जुने संच बिघडतील. मग त्यांनी चित्रच किंचित मंद केलं, हजारात साधारण एक भाग. ३० चे झाले २९.९७. म्हणजे आवाजासाठी चित्राने एक पाऊल मागे घेतलं. आणि त्या एका पावलाने पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या डोक्याला ताप दिला. कुणी चुकून २९.९७ ऐवजी पूर्ण ३० धरले तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो.

आपल्याकडे दूरदर्शन १९८२ साली रंगीत झालं ते पाल पद्धतीने, २५ फ्रेमच. तिथे हा अपूर्णांक नाही. पण २४ फ्रेमचा सिनेमा २५ ने दाखवतात, त्यामुळे दोन तासांचा सिनेमा पाच मिनिटं आधी संपतो आणि सगळ्यांचा आवाज किंचित चढा लागतो. आपल्या कधी लक्षात आलं नाही, हा भाग वेगळा.

आता उलटी गोष्ट. ऑडिओ सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. हा असला विचित्र आकडा कुठून आला? सत्तरच्या दशकात एवढी डिजिटल माहिती साठवायला हाताशी सोयीचं यंत्र एकच, व्हिडिओ टेप रेकॉर्डर. मग आवाजाचे नमुने चित्राच्या ओळींत लिहायचे. दर ओळीत तीन. ६० च्या पद्धतीत २४५ ओळी, म्हणजे २४५ × ३ × ६०. आणि ५० च्या पद्धतीत २९४ × ३ × ५०. करून बघा, दोन्हीकडे ४४,१०० च येतात! चित्राचा आकडा आवाजामुळे बदलला आणि आवाजाचा आकडा चित्रातून आला. भांडणाऱ्या भावंडांच्या चेहऱ्यात साम्य असतं तसं.

*

आता आपल्या डिस्ककडे. व्हीसीडीचे नियम १९९३ साली ठरले. एका डिस्कवर साधारण ७४ मिनिटं, म्हणून हिंदी सिनेमाला दोन किंवा तीन डिस्क. (मारामारी ऐन रंगात आली की उठून डिस्क बदलायची, आठवतंय ना?) आपल्या पाल व्हीसीडीत २५ फ्रेम, अमेरिकन डिस्कमध्ये २९.९७. आवाज दोन्हीकडे ४४,१०० चा. त्यानंतर १९९६ साली जपानमध्ये डीव्हीडी आली. तिचा आवाज ४८,००० चा. म्हणजे आपल्या व्हीसीडीची अमेरिकन डीव्हीडी करायची तर चित्राचा वेगही बदलायचा आणि आवाजाचे नमुनेही. त्यासाठी दोघांना आधी सोडवायचं, वेगवेगळं शिजवायचं आणि परत बांधायचं.

डिस्कवर बांधलेले असताना दोघांच्या अंगावर वेळेचे शिक्के असतात, सेकंदाचे ९०,००० भाग करून मोजलेले. कुंभमेळ्यात हरवलेल्या भावांच्या दंडावरच्या गोंदणासारखे. सोडवताना बरेच प्रोग्राम हे गोंदण पुसून टाकायचे. डिस्कवर आवाज चित्रानंतर जरासा उशिरा सुरू होत असेल तर तेवढी मोकळी जागाच नाहीशी व्हायची. शहाणे प्रोग्राम निदान आवाजाच्या फायलीच्या नावातच लिहून ठेवायचे, की बाबा, इतके मिलिसेकंद फरक आहे, परत बांधताना ध्यानात ठेव. कोण वाचतंय! हा झाला पहिला आजार.

ताईच्या डीव्हीडीत दुसराही होता. मधल्या कुठल्यातरी फायलीत २९.९७ ऐवजी ३० धरलेले. पण सगळ्यात वाईट तिसरा आजार, आणि तो २००४ पासूनचा. दहा वर्षांच्या कॅसेटला बुरशी आलेली. संगणकात घेताना जिथे चित्र फाटलं तिथे फ्रेम गळल्या, आवाज मात्र अखंड आत येत राहिला. व्हिटाफोनची तुटलेली फिल्मच की ही!

२००८ साली मला यातलं काहीच कळत नव्हतं. व्हर्च्युअलडब नावाचा एक फुकट आणि फार गुणी प्रोग्राम होता. त्यात आवाज दोन सेकंद पुढे ओढला. आजी चार मिनिटं अगदी छान बोलली आणि मग पुन्हा निसटली. नंतर नोकरी बदलली, मुलगी झाली, राहिलं.

२०२० साली आधी ताईच्या डीव्हीडीवरून केलं, पण त्यात आजारावर आजार चढलेले. मूळ व्हीसीडी हवी होती. माझी ओरखडे पडून गेलेली, काकांची पुरात गेलेली. आई म्हणाली, "माझी आहे." तिच्या कपाटात साड्यांच्या घडीत दोन्ही डिस्क नव्यासारख्या. मला वाटलं बायका जपून ठेवतात सगळं, म्हणून असेल.

आता जुळवायचं कशावरून? सिनेमावाले त्यासाठी क्लॅप वापरतात. दोन फळ्या एकमेकींवर आपटल्या की त्या फ्रेमवर तो आवाज बसवायचा. मुंजीच्या व्हिडिओत कुठली फळी? ओठांवरून प्रयत्न केला, पण आजीचं तोंड पानाने भरलेलं, आणि निम्मा वेळ ती कॅमेऱ्याकडे पाठमोरी. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री डोक्यात प्रकाश पडला. अडकित्ता! दोन पाती मिटतात आणि 'कट्ट' वाजतं. आजी वीस मिनिटं माझ्यासाठी क्लॅपच देत बसली होती की.

ऑडॅसिटीमध्ये आवाजाचा आलेख उघडला. बोलण्याच्या टेकड्यांमध्ये प्रत्येक 'कट्ट' सुळक्यासारखा उभा. इकडे चित्रात पाती मिटल्याची फ्रेम मोजायची, तिकडे सुळका. २५ फ्रेम म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. वहीत कोष्टक केलं. आजीच्या भागाच्या सुरुवातीलाच आवाज ५२ फ्रेम मागे. पुढच्या नऊ सुपाऱ्यांना तेवढाच, ५२. मग एकदम ७९. परत बराच वेळ ७९. मग ११०, आणि शेवटपर्यंत ११०. म्हणजे आवाज सरकत नव्हता, उड्या मारत होता. त्या दोन्ही जागी नीट पाहिलं तर आजीचा हात एका क्षणात तबकावरून मांडीवर गेलेला दिसला.

आता दोन रस्ते होते. जिथे फ्रेम गळल्या तिथला आवाज कापायचा, म्हणजे पटकन जुळतं. पण कापलेल्या आवाजात आजीचे शब्द गेले असते. म्हणून व्हिटाफोनच्या ऑपरेटरचा उपाय केला. आधी ५२, मग २७, मग ३१ काळ्या फ्रेम जोडल्या. मधेच सेकंदभर पडदा काळा होतो आणि आजी बोलत राहते. राहू दे. तिथे काहीतरी हरवलंय, तर ते दिसलेलं बरं.

*

रात्री दीड वाजता पहिल्यांदा सलग लावलं. सुपारी, कट्ट. सुपारी, कट्ट. खडीचं सांगून झालं, मिलोचं झालं. आजीने मान वर केली.

ती काकांकडे बघतच नव्हती.

ती डावीकडे बघत होती, माजघराच्या दाराकडे. दारात कुणीतरी चहाचा ट्रे घेऊन उभं आहे. कॅमेऱ्यात फक्त हिरव्या साडीचा पदर, एक हात आणि ट्रेचा कोपरा. "त्या साली तुझ्यामुळं चूल पेटली." वाक्य संपलं. मग साडेचार सेकंदांनी आजी काकांकडे वळली आणि तिने हात पुढे केला. चुन्याची डबी मागत होती.

ती हिरवी साडी माझ्या आईची. १९७१ साली लग्न होऊन आली तीच प्राथमिक शाळेची नोकरी घेऊन. बहात्तर साली बाबांना नोकरी नव्हती. आईचा पगार घरात यायचा हे मला माहीत होतं, पण कसं सांगू, ते 'यायचाच' या सदरात होतं. मनिऑर्डर लक्षात राहते, पगार राहत नाही.

सकाळी आईला दाखवलं. पूर्ण बघितलं तिने. मग म्हणाली, "हो, मलाच म्हणाल्या होत्या. पाणी आणायला गेले आत, म्हणून पुढचं ऐकलं नाही." मी म्हटलं, आई, सोळा वर्षं आम्ही सगळे भलतंच बोलत होतो, तू एकदाही काही म्हणाली नाहीस? तर म्हणाली, "तुम्ही सगळे व्हिडिओ बघून सांगत होता. मी काय दाखवणार होते?"

काकांना सांगायला मला दोन महिने लागले. फोनवर चाचरत सुरुवात केली, तर तेच म्हणाले, "आरं, मी तिथंच बसलेलो. वहिनींना म्हणाली ती. मला तवापासून ठाऊक आहे." मग काका, बोलला का नाहीत? बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. लाइन गेली वाटून मी हॅलो हॅलो करत राहिलो. "सीडीत तसं दिसायला लागलं. तुम्ही पोरं टाळ्या वाजवायला लागला. पहिल्यांदा राहून गेलं सांगायचं. मग राहूनच गेलं."

मी या फोनवर बराच विचार केला. व्हिडिओतलं चित्र खरं होतं. आवाजही खरा होता. कुणीही एक फ्रेम खोटी घातली नव्हती. फक्त जोड चुकली होती, ११० फ्रेमची. आणि त्या जोडापुढे त्या खोलीत प्रत्यक्ष बसलेली दोन माणसं गप्प झाली. इतिहास लिहिताना खोटे कागद शोधायचे असतात असं मला वाटायचं. आता कुठलाही जुना प्रसंग वाचला की वाटतं, वाक्य खरं असेल, प्रसंगही खरा असेल, पण हे वाक्य त्याच प्रसंगातलं आहे का? त्याच माणसाला म्हटलेलं आहे का?

असो. फार तत्त्वज्ञान नको.

घरच्यांना एक विनंती. तुमच्याकडे कार्यांच्या कॅसेट असतील तर आता तरी बाहेर काढा. बुरशी थांबत नाही आणि कॅसेट चालवणारी यंत्रं दुरुस्त करणारे लोकही कमी होत चाललेत. संगणकात घेताना फ्रेम गळल्याचा आकडा दिसतो, तो शून्य आहे ना बघा. आवाज न जुळल्यास सरसकट ताणू नका. टाळी, फुटलेला नारळ, पडलेलं भांडं, काहीतरी शोधा आणि दोन-चार ठिकाणी मोजा. आणि सगळं जुळलं तरी त्या खोलीत बसलेली माणसं अजून असतील तर त्यांना शेजारी बसवून एकदा दाखवा.

काका या दिवाळीला पुण्याला आले होते. सगळ्यांसमोर तो व्हिडिओ लावला. वाक्य आलं तेव्हा ते उठले, आत जाऊन आईला हाताला धरून बाहेर घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, इथं बसा. पुन्हा लाव रे."